लांकडाची दुचाकी

नुसत्या लांकडाची दुचाकी चालेल काय? बव्हंशीं होय. कार्ल फॉन ड्राइस ह्यानें १८१७ सालीं जर्मनींतील मॅनहाइम शहरीं अशी दुचाकी चालविली. तीस पायडल नव्हतें, साखळी नव्हती. स्वार आळीपाळीनें पाय जमिनीस टेकून ती पुढें ढकली.

तारेचा आरा भार ताणावर पेलतो. लांकडी आरा, बैलगाडीच्या आऱ्याप्रमाणें, दाबावर. म्हणून तो जाड हवा. एवढें कोणीहि सुतार जाणतो. खरी अडचण तुंब्यांत आहे. लांकूड दमट हवेंत आडवें फुगतें, उभें जवळजवळ नाहीं. त्यामुळें घट्ट बसविलेला आंस पावसाळ्यांत जखडतो आणि कोरड्या दिवसांत डुगडुगतो. ड्राइसनें तेथें पितळच वापरलें, चाकांस लोखंडी धाव चढविली. निव्वळ लांकडाचा हट्ट धरणाऱ्यानें आंसाभोंवतीं किंचित् फट राखून वंगण घालीत राहावें. साखळीचा नाद मात्र सोडावा. लांकडी खिट्या फार लवकर झिजतात.