पाठीवरची शिदोरी

म्हैसूर म्हटले की दसऱ्याची मिरवणूक, चंदन, रेशीम आणि तुपाने ओथंबलेला म्हैसूरपाक चटकन आठवतो. पर्यटकांच्या यादीत नसलेली या शहराची आणखी एक ओळख आहे. १९५० मध्ये येथील चेलुवांबा प्रासादात केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्था सुरू झाली आणि १९६१ मध्ये संरक्षण खात्याची ‘डिफेन्स फूड रिसर्च लॅबोरेटरी’ स्थापन झाली. हिमशिखरावर किंवा वाळवंटात तैनात असलेल्या सैनिकाने काय खावे, याचा विचार या दुसऱ्या संस्थेत अनेक दशके झाला. एप्रिल १९८४ मध्ये राकेश शर्मा अंतराळात गेले, तेव्हा त्यांच्यासमवेत गेलेला रव्याचा शिरा, पुलाव आणि बटाटे-छोले याच प्रयोगशाळेचे होते.

सैनिकाची अडचण आणि सुट्टीत गडावर निघालेल्या गिर्यारोहकाची अडचण मुळात एकच आहे: सारे पाठीवर वाहायचे आहे. अन्नातील सर्वांत जड घटक म्हणजे पाणी. भाजीचा बहुतांश भाग पाणीच असतो, आणि अन्न नासवणाऱ्या जिवाणूंनाही तेच लागते. म्हणून पदार्थ गोठवून निर्वात पेटीत ठेवला, की त्यातील बर्फ न वितळता थेट वाफ होऊन निघून जातो. उरतो तो हलका, टिकाऊ पदार्थ. दुसरी पद्धत याच्या उलट. शिजवलेला पदार्थ प्लॅस्टिक व ॲल्युमिनियमच्या पापुद्र्यांच्या पाकिटात बंद करून दाबाखाली सुमारे १२१ अंश सेल्सिअसला तापवतात. पाणी आतच राहते, पाकीट जड होते. पण ते फोडून थंडच खाता येते.

सॅक भरताना निवड चुकते ती येथे. दुकानातील वाळवलेल्या सूपची किंवा उपम्याची पुडी हातात हलकी लागते, म्हणून पाच-सहा घेतल्या जातात. परंतु पुडीतून काढलेले पाणी गडावर परत घालावे लागते, ते तापवायला इंधन लागते. हिमालयात बर्फ वितळवण्यासाठी रॉकेल वाहावे लागते. सह्याद्रीत चैत्र-वैशाखात गडांवरील कित्येक टाकी आटलेली असतात. अशा वेळी वाळवलेले अन्न म्हणजे केवळ उधारीचे वजन. पाण्याची खात्री असेल तेथेच ते न्यावे. एरवी चूल न पेटवता खाता येईल असेच न्यावे.

वाट चुकून रात्र उघड्यावर काढावी लागली, तर हिशेब आणखी बदलतो. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात हार्वर्ड विद्यापीठातील जेम्स गॅम्बल यांनी समुद्रात तराफ्यावर अडकलेल्या खलाशांच्या अन्नाचा अभ्यास केला. उपाशी शरीर स्वतःचीच प्रथिने जाळते, आणि त्यातून निर्माण होणारी युरिया बाहेर टाकायला पाणी खर्ची पडते. दिवसाला केवळ १०० ग्रॅम ग्लुकोज दिले, तरी ही झीज बरीच घटते आणि शरीरातील पाणी वाचते, असे त्यांना आढळले. उन्हातून आलेल्याच्या हाती गूळ-पाणी ठेवणाऱ्या घरांना हे विशेष नवे वाटणार नाही. म्हणूनच आणीबाणीच्या पाकिटात गूळ, खडीसाखर, चिक्की यांना पहिला मान. शंभर ग्रॅम शेंगदाण्याच्या चिक्कीतून सुमारे ५०० कॅलरी मिळतात. मात्र शेंगदाण्यात प्रथिनेही असल्याने पाणी अगदीच कमी असेल तर नुसता गूळ बरा. खारे फरसाण, प्रवासात कितीही प्रिय असले, तरी या पाकिटात नको.

हे पाकीट म्हणजे राखीव निधी. दुपारच्या भुकेसाठी त्याला हात लावायचा नाही, आणि ते सॅकच्या तळाशीही ठेवायचे नाही. सॅक घसरून दरीत जाऊ शकते, चढताना मागे ठेवली जाऊ शकते. म्हणून ते कमरेच्या लहान पिशवीत असावे. त्यात गुळासोबत टॉर्च, मेण लावलेल्या काड्यापेटीच्या काड्या, लहान चाकू, आरसा, पाणी शुद्ध करण्याच्या गोळ्या, क्षारसंजीवनीच्या दोन पुड्या आणि अंगाभोवती गुंडाळता येईल असा चकाकता पातळ कागद, एवढे पुरते. टॉर्चमधील एक सेल उलटा घालून ठेवला, तर ती चुकून पेटून रिकामी होत नाही.

सॅकमध्ये अंथरूण-पांघरूण तळाशी. पाण्याच्या बाटल्या व अन्न पाठीला लागून, खांद्यांच्या पातळीपाशी. पावसाळी कोट सर्वांत वर. जड वस्तू पाठीपासून दूर राहिली की सॅक मागे ओढते आणि उतारावर तोल जातो. उन्हाळ्यात माणशी तीन-चार लिटर पाणी घेतले, की तेवढेच किलो वजन होते; तेव्हा कमी करायचे असेल ते कपड्यांतून, पाण्यातून नव्हे.

शिटी मात्र पिशवीतही ठेवू नये, ती गळ्यात हवी. मिनिटात सहा वेळा फुंकायची, मग मिनिटभर थांबायचे, पुन्हा सहा वेळा. दरीच्या पलीकडून मिनिटाला तीन शिट्या ऐकू आल्या, तर समजावे की कोणीतरी ऐकले आहे.