शेकरू: कुठे, कधी, कसे पाहावे

महाराष्ट्राचा राज्यप्राणी. झाडावर राहणारी मोठी खार. शास्त्रीय नाव रॅटुफा इंडिका. फक्त भारतात आढळते.

- हक्काचे ठिकाण: भीमाशंकर अभयारण्य. स्थापना १९८५. क्षेत्र सुमारे १३० चौ. किमी.
- वेळ: सकाळ, नाहीतर उतरती दुपार. भर दुपारी विश्रांती.
- ओळख: तांबूस-तपकिरी पाठ, फिकट पोट, लांब झुपकेदार शेपटी. वजन साधारण दीड ते दोन किलो.
- आधी कान, मग डोळे: खडखडती हाक, पाठोपाठ हलणारी फांदी. एका झेपेत सुमारे ६ मीटर. जमिनीवर क्वचितच उतरते. धोका वाटला की फांदीला चिकटून निश्चल होते. पाहणाऱ्यानेही तिथेच शांत उभे राहावे.
- घरटे: काटक्या-पानांचा मोठा गोळा, बारीक फांद्यांवर, तिथे जड शिकारी पोहोचत नाही. एकाच शेकरूची अनेक घरटी असतात. म्हणून जितकी घरटी तितकी शेकरे, असा हिशेब चुकतो.
- पायाखाली: कुरतडलेली फळे, सालींचे तुकडे. दिसताच वर पाहावे.
- गल्लत नको: उडती खार निशाचर, तिच्या पुढच्या-मागच्या पायांमध्ये त्वचेचा पडदा असतो. शेकरू दिनचर, पडदा नाही.