जुन्या लेथचा ‘आउट’ आणि ‘प्ले’

सावंतवाडीच्या लाकडी खेळण्यांपासून पाळण्याच्या खांबांपर्यंत गोल लाकूडकाम लेथवर होतं. जुना लेथ थरथरू लागला की ‘स्पिंडल वाकला’ असं ठरवून तो भंगारात काढला जातो. पण स्पिंडल (काम फिरवणारा मुख्य दांडा) अनेकदा शाबूत असतो.

इथे दोन वेगळे दोष एकच समजले जातात. आउट म्हणजे फिरताना मध्य सोडणं. प्ले म्हणजे बेअरिंगमधला ढिलेपणा. सायकलचं चाक घ्या. रिम आउट असेल तर ती दर फेरीला त्याच जागी ब्रेकला घासते. हबमध्ये प्ले असेल तर थांबलेलं चाकही हाताने हलवल्यावर खडखडतं.

वीज तोडा, बेल्ट उतरवा आणि स्पिंडल वर-खाली हलवून बघा. हलला, तर बेअरिंग गेलंय. त्यावरचा आकडाच माप सांगतो: ६२०५ म्हणजे आतला व्यास २५, बाहेरचा ५२ आणि रुंदी १५ मिलिमीटर.

हलला नाही, तर आतला टेपर (निमुळतं भोक) आधी स्वच्छ पुसा. तिथे अडकलेली भुशाची कपचीही सेंटर (काम धरणारं टोकदार अंग) तिरका बसवते आणि दोष विनाकारण स्पिंडलवर येतो. मग डायल गेज (सूक्ष्म हालचाल काट्याने दाखवणारं मापयंत्र) लावून स्पिंडल हाताने सावकाश फिरवा. दोन-तीन शतांश मिलिमीटरचा आउट लाकूडकामाला चालतो; पावसाळी हवेत लाकूडच त्याहून जास्त फुगतं.

काटा फारच हलला, तरी घाई नको. नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतींत ग्राइंडिंगची (घासून नेमकं माप आणण्याची) कामं होतात. भंगारवाल्याला बोलावण्याआधी स्पिंडल तिथे दाखवा.