महामार्गाच्या दोन्ही अंगांनी वाढणारे नांदगाव पेठ

नांदगाव पेठ हे अमरावतीहून नागपूरकडे निघाल्यावर दहा-बारा किलोमीटरवर, रहाटगावच्या पुढे लागणारे गाव. जिल्ह्याबाहेरच्या माणसाची नांदगाव खंडेश्वरशी नेहमी गल्लत होते. ते तालुक्याचे गाव वेगळे, आणि समृद्धी महामार्ग गेला तो त्या तालुक्यातून. नांदगाव पेठवरून जातो तो राष्ट्रीय महामार्ग ५३. गुजरातेतल्या हजिऱ्याला ओडिशातल्या पारादीप बंदराशी जोडणारा हा रस्ता या भागात २०१० पर्यंत क्रमांक ६ होता आणि लोकांच्या तोंडी अजून 'सहा नंबर'च आहे. चौपदरी झाल्यावर त्यावर नांदगाव पेठलाच टोलनाका बसला.

गावाचे रूप बदलले ते एमआयडीसीमुळे. अतिरिक्त अमरावती औद्योगिक क्षेत्र येथे उभे राहिले, त्यात कापडगिरण्या आल्या, आणि २०१३ ते २०१५ या काळात १,३५० मेगावॅटच्या औष्णिक वीज प्रकल्पाचे २७० मेगावॅटचे पाच संच एकामागून एक सुरू झाले. पुढचा टप्पा त्याहून मोठा आहे. केंद्र सरकारने २०२३ मध्ये देशात सात 'पीएम मित्र' वस्त्रोद्योग उद्याने जाहीर केली, त्यांतले महाराष्ट्राचे एकमेव उद्यान याच परिसरात, सुमारे एक हजार एकरांवर होत आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये वर्ध्याच्या कार्यक्रमात त्याची पायाभरणी झाली. अशा एका उद्यानातून एक लाख प्रत्यक्ष आणि दोन लाख अप्रत्यक्ष रोजगार मिळतील, असा सरकारी अंदाज आहे. त्याच्या निम्मे जरी खरे ठरले, तरी कामगारांच्या पाळ्या सुटतील तेव्हा रस्त्यावर किती गर्दी होईल, याची कल्पना करता येते.

महामार्ग बांधताना हिशेब होतो तो लांबच्या वाहतुकीचा: कंटेनर, ट्रेलर, रात्रीच्या ट्रॅव्हल्स. गावाची वाहतूक मात्र आडवी असते. घर एका अंगाला, शेत दुसऱ्या. शाळा इकडे, एसटीचा थांबा तिकडे. कारखान्याचे फाटक समोर, चहाची टपरी पलीकडे. कापसाच्या हंगामात फुगलेल्या ट्रॉल्या आणि बंड्या त्याच डांबरावर येतात, तुरी निघाल्या की मळणीयंत्र ओढणारे ट्रॅक्टर येतात, आणि त्यांना मागचा दिवा असेलच असे नाही. आश्विन वद्यात राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या पुण्यतिथीला अमरावतीकडून मोझरीच्या गुरुकुंज आश्रमाकडे पायी निघालेल्या दिंड्याही याच रस्त्याच्या कडेने जातात. ताशी ऐंशीने येणारा ट्रक आणि ताशी चारने चालणारा माणूस एकाच पट्टीवर आले की अपघात हा नशिबाचा भाग राहत नाही, तो रस्त्याच्या रचनेत असतो.

हे आकड्यांत मांडता येते. दोन पदरांची एक बाजू सात मीटर रुंद असते. नेहमीच्या चालीने ती ओलांडायला सुमारे सहा सेकंद लागतात. तेवढ्या वेळात ताशी ८० किलोमीटरने येणारे वाहन १३० मीटरहून अधिक अंतर कापते. म्हणजे पाऊल टाकताना ट्रक दीडशे मीटर लांब असेल तरच निभाव लागतो. हे अंतर दिवसा जोखणे अवघड. रात्री समोर दोन दिव्यांखेरीज काही दिसत नसताना तर केवळ अंदाजच. म्हातारी माणसे आणि लहान मुले यांना दहा सेकंदही लागतात.

राँग साइडची सवय पोलीस बेशिस्त म्हणून मोजतात, आणि ती बेशिस्त आहेच. पण तिचे मूळही पाहायला हवे. दुभाजकातला कट दोन किलोमीटरवर असेल, तर समोरच्या दुकानात जायला चार किलोमीटरचा फेरा पडतो. तो फेरा रोज कोण घेणार? मग दुचाकी उलट्या दिशेने कडेकडेने निघते किंवा कुणीतरी दुभाजक फोडून वाट करतो. दंडाच्या पावतीने ही वाट बुजत नाही. सलग सर्व्हिस रोड आणि जनावरांसह बंडी निघेल असा भुयारी मार्ग असेल तरच ती बंद होते. वऱ्हाडात आणखी एक अडचण मातीची. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. मुरूम नीट भरला नसेल तर डांबराची कड खचते, साइडपट्टी वीतभर खाली जाते. ट्रकला वाट द्यायला दुचाकी तिथे उतरली की घसरलीच.

देशात २०२२ मध्ये रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली, त्यांतली १५,२२४ महाराष्ट्रात. मृतांमध्ये दुचाकीस्वार सुमारे ४४ टक्के. राष्ट्रीय महामार्ग एकूण रस्त्यांच्या जेमतेम दोन टक्के, पण मृत्यूंचा एक तृतीयांशाहून मोठा हिस्सा त्यांच्यावर. हेल्मेट नसल्याने गेलेल्यांचा आकडा पन्नास हजारांवर होता. नांदगाव पेठहून अमरावतीला ड्युटीवर जाणारा तरुण बहुधा दुचाकीवरच असतो, हे इथे ध्यानात घ्यावे.

जबाबदारीची वाटणी मात्र विचित्र आहे. महामार्ग राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाचा, औद्योगिक क्षेत्रातले रस्ते एमआयडीसीचे, गावातले ग्रामपंचायतीचे. पोलीस ठाणे अमरावती शहर आयुक्तालयात, गाव मात्र महापालिकेच्या हद्दीबाहेर. महामार्गाला फाटा जोडायचा, ढाबा किंवा पेट्रोल पंप काढायचा तर २००२ च्या कायद्यानुसार परवानगी लागते. मोकळ्या भागात मध्यरेषेपासून ४० मीटरपर्यंत बांधकाम नको, असा संकेतही आहे. प्रत्यक्षात प्लॉट आधी पडतात, दुकाने मग येतात आणि अतिक्रमण हटवायची वेळ आली की प्रत्येक खाते दुसऱ्याकडे बोट दाखवते.

राष्ट्रीय महामार्गावरचा 'ब्लॅक स्पॉट' ठरवायचा निकष असा: पाचशे मीटरच्या टप्प्यात तीन वर्षांत मृत्यू किंवा गंभीर जखमांचे पाच अपघात, अथवा दहा मृत्यू. म्हणजे उपाय मागायला आधी माणसे दगावावी लागतात. वाढत्या वस्तीसाठी हा निकष पुरेसा नाही. आराखडा कागदावर असतानाच रस्ता सुरक्षा लेखापरीक्षण करण्याची तरतूद इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमावलीत आहे, आणि वस्त्रोद्योग उद्यानाची पूर्ण गर्दी रस्त्यावर येण्याआधी ते करून घेणे शक्य आहे. त्यासाठी ग्रामसभेचा ठराव जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील जिल्हा रस्ता सुरक्षा समितीकडे पाठवता येतो.