पेपर छापला म्हणजे संशोधन खरं ठरलं का? पुण्यातल्या तपासणीत काय निघालं, वाचा

पाटोदा | प्रतिनिधी

पेरणी तोंडावर आली की कृषी केंद्राच्या काउंटरवर एक वाक्य हमखास कानावर पडतं, "यावर संशोधन झालंय." टॉनिक असो, जिवाणू खत असो, नाहीतर गुडघेदुखीचं तेल असो, वाक्य तेच. पण संशोधन झालं म्हणजे नेमकं काय झालं? कुणी केलं, किती वेळा केलं आणि दुसऱ्यानं करून पाहिलं तर तेच उत्तर आलं का? या शेवटच्या प्रश्नावर सध्या जगभरातल्या विद्यापीठांत मोठी खळबळ आहे.

शेतकऱ्याला ही गोष्ट वेगळी शिकवावी लागत नाही. शेजाऱ्याला काळ्या रानात, चांगल्या पावसात सोयाबीन दणकून झालं म्हणून बालाघाटाच्या मुरमाड उतारावर तसंच होईल असं कुणी धरून चालत नाही. कृषी विद्यापीठंही तसं धरत नाहीत. परभणीच्या विद्यापीठाचं वाण असो की बदनापूरच्या केंद्राची बीडीएन-७११ तूर, एकाच वाफ्यावर भरवसा ठेवत नाहीत. तोच वाण त्याच रानात तीन-चार तुकड्यांत लावतात. कोणता वाण कुठल्या तुकड्यात, हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरतं, म्हणजे चांगली जमीन मुद्दाम लाडक्या वाणाला जात नाही. वेगवेगळ्या गावांत आणि काही हंगाम हे चालतं. मग राज्यातल्या चारही कृषी विद्यापीठांच्या संयुक्त बैठकीत त्यावर चर्चा होते, तेव्हा कुठं शिफारस निघते.

सगळ्याच विषयांत अशी शिस्त नाही. २०१५ साली मानसशास्त्रातले १०० छापून आलेले प्रयोग अनेक शास्त्रज्ञांनी मिळून पुन्हा केले. ठोस म्हणावा असा निकाल परत आला तो फक्त ३६ टक्क्यांच्या आसपास प्रयोगांत. सगळ्यांनी लबाडी केली होती असं नाही. प्रयोग लहान होते, आणि जमलं तेवढंच छापायचं, फसलेलं कपाटात ठेवायचं, ही जुनी सवय.

आपल्याकडं याला पैशाचा धंदाही चिकटला. प्राध्यापकाच्या बढतीला पेपरचे गुण, पीएचडीला पेपर सक्तीचा. मागणी आली तशी दुकानं उघडली. पैसे भरा, चार दिवसांत पेपर छापून मिळेल, वाचून तपासणारा कुणी नाही. विद्यापीठ अनुदान आयोगानं म्हणजे यूजीसीनं मान्य नियतकालिकांची यादी काढली, तर विद्यापीठांनीच सुचवल्यामुळं असली कित्येक दुकानं यादीत जाऊन बसली. कुंपणानंच शेत खाल्लं म्हणायचं!

हे आकड्यानिशी मांडलं ते पुण्याच्या सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातले प्रा. भूषण पटवर्धन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी. विद्यापीठांनी सुचवलेल्या भागातून त्यांनी नियतकालिकं चिठ्ठ्या टाकाव्यात तशी निवडली. त्यातली नावाजलेल्या आंतरराष्ट्रीय सूचींमध्ये असलेली बाजूला काढली आणि उरलेली १००९ एकेक करून तपासली. एक तृतीयांशाहून जास्त नियतकालिकांचा पत्ता, वेबसाइट किंवा संपादकांची नावं अशी साधी माहितीच चुकीची होती, नाहीतर नव्हतीच. निम्म्याहून जास्त ठिकाणी नोंदणी क्रमांकापासून दर्जाच्या दाव्यापर्यंत खोटेपणा निघाला. एकूण ८८ टक्क्यांहून जास्त नियतकालिकं हलक्या दर्जाची असावीत, असा निष्कर्ष मार्च २०१८ मध्ये 'करंट सायन्स'मध्ये छापून आला. त्याच वर्षी मे महिन्यात यूजीसीनं ४३०५ नियतकालिकं यादीतून काढून टाकली.

पुढं पटवर्धन यूजीसीचे उपाध्यक्ष झाले. 'केअर' नावाची नवी, गाळून घेतलेली यादी जून २०१९ पासून लागू झाली आणि तिचं काम पुणे विद्यापीठातूनच चाललं. पीएचडीच्या विद्यार्थ्यांना संशोधनातल्या प्रामाणिकपणाचा दोन क्रेडिटचा अभ्यासक्रमही सक्तीचा झाला. २०२२ च्या नियमांत पीएचडीसाठी पेपर छापण्याची सक्ती काढली. खरं तर दुखण्याचं मूळ तिथंच होतं. गिऱ्हाईक कमी झाल्याशिवाय दुकान बंद होत नाही. बढतीच्या गुणांचं मात्र अजून पुरतं सुटलेलं नाही.

फेब्रुवारी २०२५ मध्ये यूजीसीनं केअर यादीही बंद केली. यादी एकाच ठिकाणाहून चालते, चांगली नियतकालिकं बाहेर राहतात, अशा तक्रारी होत्या. आता नियतकालिक कसं पारखायचं, हे विद्यापीठांनी आणि कॉलेजांनी आपापलं ठरवायचं आहे. जिथं प्राचार्य आणि मार्गदर्शक जागरूक आहेत तिथं हे बरंच आहे. जिथं नाहीत तिथं जुनी दुकानं परत गल्ल्यावर बसायला किती वेळ लागणार?

पाटोदा तालुक्यातली जी मुलं-मुली पीएचडीला नाव नोंदवतायत, त्यांनी पैसे भरण्याआधी दोन-तीन गोष्टी मोबाईलवरच बघून घ्याव्यात. नियतकालिकाचा आयएसएसएन क्रमांक आयएसएसएनच्या अधिकृत पोर्टलवर फुकट तपासता येतो. मात्र क्रमांक खरा निघाला म्हणजे दर्जा चांगला असं नाही. संपादक म्हणून ज्यांची नावं छापलीत, ते खरंच त्या कॉलेजात आहेत का, हे कॉलेजच्या वेबसाइटवर दिसतं. आणि "आठ दिवसांत छापतो, फक्त फी पाठवा" असा व्हॉट्सॲप मेसेज आला, तर आधी मार्गदर्शकाला दाखवावा.