कागदावर फुललेल्या आमरी

आमरीचं फूल दाबून वाळवलं की त्याचं रूप जातं. आंब्याची किंवा कुड्याची डहाळी टिपकागदांत दाबून हर्बेरियमच्या पानावर चिकटवली, तर शंभर वर्षांनीही अभ्यासकाला तिच्यावरून जात ओळखता येते. आमरीचं, म्हणजे ऑर्किडचं, फूल मांसल असतं. त्याची एक पाकळी बाकीच्यांहून वेगळी घडलेली असते. तिला ओठ म्हणतात. पुंकेसर आणि स्त्रीकेसर जुळून मधोमध एक स्तंभ झालेला असतो आणि त्याच्या टोकाशी परागकणांचे घट्ट पुंजके असतात. एक जात दुसरीहून वेगळी ठरते ती ओठावरच्या कंगोऱ्यांवरून, स्तंभाच्या वळणावरून, परागपुंजांच्या संख्येवरून. फूल दाबल्यावर हे सगळं एकमेकांवर चेपून बसतं आणि तपकिरी पडतं. गरम पाण्यात भिजवून ते थोडंफार उलगडता येतं, पण रंग काही परत येत नाही.

आमरींचा अभ्यास म्हणूनच चित्रकारावाचून अडत असे. भारतातल्या आमरींची शास्त्रीय चित्रं गेली सव्वातीनशे वर्षं काढली जात आहेत आणि त्यांतली कितीतरी भारतीय हातांनी काढली, दगडावर उतरवली, रंगवली. त्या हातांची नावं मात्र फार थोड्या पानांवर सापडतात.

पहिला मोठा टप्पा कोचीचा. डच ईस्ट इंडिया कंपनीचा मलबारमधला कमांडर हेन्ड्रिक व्हान ऱ्हेडे यानं तिथल्या वनस्पतींचा ग्रंथ करायला घेतला. ‘होर्तुस मलबारिकुस’ या नावानं त्याचे १२ खंड १६७८ ते १६९३ या काळात ॲमस्टरडॅमला छापले गेले. सातशेहून अधिक वनस्पतींची माहिती पुरवणाऱ्यांत इट्टी अच्युतन हे वैद्य होते आणि रंग भट, विनायक पंडित व अप्पू भट हे तीन कोकणी ब्राह्मण होते. या तिघांनी १६७५ साली नागरी लिपीत, कोकणीत लिहून दिलेली साक्ष पहिल्या खंडात छापलेली आहे. चित्रांवर वनस्पतींची नावं रोमन, मल्याळम आणि अरबी लिपींबरोबर नागरीतही कोरलेली आहेत. ही चित्रं युरोपीय चित्रकारांची. पण कोणती वनस्पती कुठे उगवते, तिला काय म्हणतात, कशावर वापरतात, हे सांगणारी माणसं इथली होती.

ऱ्हेडे १६९१ च्या डिसेंबरात सुरतेला जाताना मुंबईजवळच्या समुद्रात जहाजावरच वारला. त्याची कबर सुरतेत आहे. बारावा खंड त्याच्या मृत्यूनंतर निघाला आणि त्याची सुरुवातच आमरीनं होते. ‘अंजेली-मरवारा’ हे त्यातलं पहिलं चित्र म्हणजे सह्याद्रीत मे-जूनच्या सुमाराला झाडांवरून लोंबणारी आपली सीतेची वेणी. मलबारी लोकांनी या वनस्पतींना त्या ज्या झाडावर वाढतात त्यावरून ओळखलं होतं: एक अंजिलीवरची म्हणजे रानफणसावरची, एक काजऱ्यावरची, एक आंब्यावरची.

कार्ल लिनिअस भारतात कधीच आला नाही. १७५३ साली वनस्पतींना दोन शब्दी शास्त्रीय नावं देताना मलबारच्या आमरींसाठी त्यानं ऱ्हेडेच्या चित्रांचा आधार घेतला. प्रत्येक शास्त्रीय नावाला एक मूळ नमुना लागतो. वाद झाला तर अभ्यासक त्या नमुन्याकडे जातात. सहसा तो वाळवलेली फांदी असतो. सीतेच्या वेणीच्या बाबतीत तो मान ऱ्हेडेच्या खंडातल्या चित्राला मिळालेला आहे. काजऱ्यावरची सिंबिडियम आणि आपल्याकडेही आढळणारी डेंड्रोबियम ओव्हेटम यांचंही तसंच. या तिन्ही जातींची ओळख आजही १६९३ साली छापलेल्या कागदावर उभी आहे.

पुढचा टप्पा हुगळीच्या काठी. कर्नल रॉबर्ट किडनं १७८७ साली कोलकात्याजवळ शिबपूरला इंग्रज ईस्ट इंडिया कंपनीची बाग काढली. विल्यम रॉक्सबर्ग १७९३ साली तिचा प्रमुख झाला. त्याआधीपासूनच, कोरोमंडलच्या किनाऱ्यावर असताना, त्यानं भारतीय चित्रकार पदरी ठेवले होते. त्याच्या देखरेखीखाली अडीच हजारांहून अधिक चित्रं तयार झाली. त्यांतली निवडक ३०० लंडनला तीन खंडांत छापली गेली आणि त्यांत आमरीही आहेत. चित्रकारांची नावं त्या पानांवर आली नाहीत.

रॉक्सबर्गनंतरच्या नॅथॅनियल वॉलिकच्या काळात हे बदललं. त्याच्या ‘प्लांटी एशियाटिकी रॅरिओरेस’ या तीन खंडांच्या ग्रंथातल्या (१८३० ते १८३२) अनेक चित्रांखाली विष्णुप्रसाद आणि गोराचांद ही नावं छापलेली आहेत. चित्रं कोलकात्यात काढलेली, दगडावर उतरवली लंडनच्या मॅक्सिम गाउचीनं. डेंड्रोबियम डेन्सिफ्लोरमचे सोनेरी घोस आणि डेंड्रोबियम फॉर्मोसमची मोठी पांढरी फुलं याच ग्रंथात जगासमोर आली. जॉन लिंडली या इंग्रज आमरीतज्ज्ञानं या दोन्ही जातींचं वर्णन इथंच केलं. पांढरं फूल पांढऱ्या कागदावर दाखवणं अवघड काम आहे. कडेची रेघ जाड झाली तर पाकळी पत्र्यासारखी दिसते, छाया जास्त पडली तर रंगाचा भास होतो. ते कसब ज्यांच्या हाती होतं, त्यांची नावं वॉलिकनं छापली ही मोठी गोष्ट आहे.

दक्षिणेत रॉबर्ट वाइट या स्कॉटिश डॉक्टरनं रंगय्या आणि गोविंदू या दोन तेलुगू चित्रकारांकडून काम करून घेतलं. १८३८ ते १८५३ या काळात निघालेल्या त्याच्या ‘आयकोनेस’च्या सहा खंडांत दोन हजारांवर चित्रं आहेत, बिनरंगी. रंगांची सोय नसल्यामुळे सगळा भार रेषेवर पडतो. मुळांपासून शेंड्यापर्यंत वनस्पती, आणि खाली ओठ, स्तंभ, परागपुंज भिंगाखाली मोठे करून वेगवेगळे काढलेले. वाइटनं एका आमरीला गोविंदूचं नाव दिलं: गोव्हिंडुइया नर्व्होसा. भारतीय चित्रकाराच्या नावानं आमरीची प्रजाती उभी राहिली. पुढे ती आधीच नाव मिळालेल्या ट्रॉपिडिया या प्रजातीतलीच निघाली आणि गोविंदूचं नाव पर्यायी नावांच्या यादीत गेलं.

लिंडलीसाठी चित्रं काढणाऱ्या सेरा ड्रेक या इंग्रज चित्रकर्तीच्या वाट्याला वेगळं नशीब आलं. १८४० साली लिंडलीनं ऑस्ट्रेलियातल्या आमरींच्या एका प्रजातीला ‘ड्रेकिया’ म्हटलं आणि ते नाव आजही चालू आहे. जेम्स बेटमनच्या मेक्सिको आणि ग्वाटेमालाच्या आमरींवरच्या प्रचंड पुस्तकातली बहुतेक चित्रं ड्रेक आणि ऑगस्टा विदर्स या दोघींची. ४० चित्रांच्या त्या पुस्तकाच्या अवघ्या १२५ प्रती निघाल्या. उचलायला दोन माणसं लागावीत असा त्याचा आकार.

एवढी महाग पुस्तकं विकली जात होती, कारण तेव्हा इंग्लंडच्या धनिकांना आमरींचं वेड लागलं होतं. मासिकांतली रंगीत चित्रं पाहून मागणी वाढे आणि मागणी वाढली की जंगलात माणसं पाठवली जात. डेव्हनशरच्या ड्यूकचा बागप्रमुख जोसेफ पॅक्स्टन यानं जॉन गिब्सन या माळ्याला भारतात धाडलं. गिब्सन १८३६ साली चेरापुंजीला पोचला आणि खासी टेकड्यांतून गोळा केलेल्या आमरी घेऊन १८३७ साली परतला. डेंड्रोबियम डेव्होनिएनम आणि डेंड्रोबियम गिब्सोनाय ही नावं त्या मोहिमेची आहेत.

झाडं पोचत होती, पण जगत नव्हती. उष्ण कटिबंधातली म्हणून त्यांना कोंदट, वाफेनं भरलेल्या काचघरात ठेवत. खासी टेकड्यांवरच्या किंवा अँडीज पर्वतातल्या आमरीला थंड हवा आणि वारा लागतो, हे कळायला हजारो झाडं मरावी लागली. पॅक्स्टननं खिडक्या उघडल्या, तापमान वेगवेगळं ठेवलं. बेटमननं थंड काचघरांचा पुरस्कार केला.

निळ्या वांडाची हकिकत या वेडाची किंमत दाखवते. व्हँडा सेरुलिया ही फिकट निळ्या फुलांची आमरी विल्यम ग्रिफिथ या वनस्पतिशास्त्रज्ञाला १८३७ साली खासी टेकड्यांत दिसली होती. १८५० साली वनस्पतिशास्त्रज्ञ जोसेफ हूकर तिथं गेला आणि त्यानं क्यू इथल्या शाही बागेसाठी सात हमालांची ओझी भरतील एवढी झाडं उतरवली. हे त्यानं स्वतःच आपल्या प्रवासवर्णनात लिहून ठेवलं आहे. त्यांतली फार थोडी जिवंत पोचली. त्याच जागेवरून दुसऱ्या एकानं पाठवलेलं एका हमालाचं ओझं लंडनला ३०० पौंडांना विकलं गेलं. अशी वर्षानुवर्षं लूट झाली. आज ही जात वन्यजीव संरक्षण कायद्याखाली आहे.

आमरींच्या चित्रकलेचं सर्वांत मोठं भारतीय काम दार्जिलिंगच्या डोंगरात झालं. मंगपूच्या सरकारी सिंकोना मळ्यावर रॉबर्ट पँटलिंग हा अधिकारी होता. कोलकात्याच्या बागेचा प्रमुख जॉर्ज किंग याच्याबरोबर त्यानं ‘सिक्कीम-हिमालयातल्या आमरी’ हा ग्रंथ १८९८ साली काढला. त्यात साडेचारशेच्या आसपास जाती आहेत आणि जवळपास प्रत्येकीचं चित्र आहे. पँटलिंगनं ती जिवंत फुलांवरून काढली.

पँटलिंगच्या रेखाटनातून छापील पान व्हायला आणखी दोन जोड्या हात लागले. कोलकात्याच्या कलाशाळेत शिकलेले बंगाली कारागीर चित्र शिळाप्रेसच्या दगडावर उतरवत. छापताना डावं-उजवं उलटतं, याचं भान त्यांना ठेवावं लागे. ओठाची एक कडा चुकली तर जातच चुकली. मग छापून आलेल्या काळ्या रेघांमध्ये प्रत्येक प्रतीत हातानं रंग भरला जाई. हे काम मळ्यावरच्या मजुरांच्या मुलांनी केलं. पँटलिंगनं शिकवण्यापूर्वी त्यांच्या हातांना कुदळीहून नाजूक हत्यार माहीत नव्हतं, अशी नोंद ग्रंथाच्या प्रस्तावनेत आहे. ती पानं आज उघडली तर सिंबिडियमच्या ओठावरचे जांभळट ठिपके, कोलोगायनीच्या घशातली पिवळी छटा अजून ताजी दिसते. त्या मुलांना पुरेसं शिकवलं असतं आणि त्यांना वेळ दिला असता तर त्यांनी आणखी काय काढलं असतं, हा प्रश्न पान उलटताना मनात येतोच.

मुंबई इलाख्यातही असाच एक निनावी चित्रकार होऊन गेला. पुण्याजवळच्या दापोडीच्या सरकारी बागेचा प्रमुख अलेक्झांडर गिब्सन यानं १८४७ ते १८५० या काळात वनस्पतींची चित्रं काढून घेतली. चित्रकार पोर्तुगीज-भारतीय होता, एवढंच माहीत आहे. त्याची चित्रं एडिंबरोच्या वनस्पती उद्यानात आहेत. पुढे विसाव्या शतकात फादर सांतापाऊ आणि झरीर कापडिया यांनी ‘ऑर्किड्स ऑफ बॉम्बे’ हे पुस्तक सिद्ध केलं. १९६६ साली निघालेलं ते पुस्तक सह्याद्रीतल्या आमरींच्या अभ्यासकाला अजूनही हाताशी लागतं.

बागकामाची दिशा बदलली ती बियांमुळे. आमरीचं बी धुळीच्या कणाएवढं असतं आणि त्यात अन्नाचा साठा नसतो. रुजण्यासाठी त्याला एका बुरशीची साथ लागते, हे नोएल बर्नार या फ्रेंच शास्त्रज्ञानं १८९९ साली दाखवलं. १९२२ साली अमेरिकेत लुइस नड्सननं साखर घातलेल्या अगारवर, बुरशीशिवाय बी रुजवलं. काचेच्या बाटलीत हजारो रोपं होऊ लागली. आज लग्नाच्या मंडपात दिसणाऱ्या जांभळ्या डेंड्रोबियमच्या दांड्या अशाच संकरित रोपांच्या आहेत. त्यांच्यासाठी जंगलाला हात लावावा लागत नाही. सिक्कीममध्ये पाकयोंगला भारतीय कृषी संशोधन परिषदेचं ऑर्किड संशोधन केंद्र १९९६ पासून काम करतं आहे.

कॅमेरा आला, चित्रकार तरीही लागतो. कॅमेरा एका वेळी एकाच खोलीवर नजर ठरवतो. चित्रकार पान, मूळ, फूल आणि उघडून दाखवलेला स्तंभ एकाच पानावर सारख्याच स्पष्टपणे मांडतो. लंडनच्या शाही उद्यान संस्थेनं बक्षीसपात्र आमरींची चित्रं काढायला १८९७ साली नेली रॉबर्ट्स या चित्रकर्तीला नेमलं आणि तिनं १९५३ पर्यंत हजारो चित्रं काढली. १७८७ साली सुरू झालेलं ‘कर्टिस बोटॅनिकल मॅगझिन’ आजही हातानं काढलेली चित्रं छापतं.

‘होर्तुस मलबारिकुस’, वाइटचे खंड आणि किंग-पँटलिंगचा ग्रंथ आता इंटरनेटवर ‘बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररी’त कोणालाही विनामूल्य पाहता येतात. महाविद्यालयांच्या वनस्पतिशास्त्र विभागांनी आणि कलाशाळांनी ही पानं विद्यार्थ्यांपुढे एकत्र बसून उघडावीत, आणि जिथं चित्र छापलं जाईल तिथं विष्णुप्रसाद, गोराचांद, रंगय्या, गोविंदू ही नावंही छापावीत. पावसाळ्याच्या तोंडावर घाटात जाणाऱ्यांना एवढीच विनंती: सीतेची वेणी झाडावरून ओढून काढू नका, आणि बांडगूळ समजून तोडूही नका. ती झाडाचा रस शोषत नाही. फक्त आधाराला असते. घरी हवीच असेल तर रोपवाटिकेतली आणा.