गोदामाला ‘ग्रीन’ दाखला, पण पत्र्याखालच्या उकाड्याचे काय?

मानकोली नाक्यावरून आत वळले की दोन्ही बाजूंना गोदामेच गोदामे. पूर्वी मुंबईच्या हद्दीबाहेर, जकात न भरता माल ठेवता यायचा म्हणून ती आली. २०१७ मध्ये जकात गेली, गोदामे मात्र वाढतच राहिली. आपल्या वस्त्यांतली कितीतरी मुले-मुली तिथे पॅकिंगला, लोडिंगला जातात. मे महिन्यात त्यांना विचारले तर पगाराच्या आधी पत्र्याची तक्रार ऐकू येते.

आता नव्या गोदामांना ‘ग्रीन बिल्डिंग’चा दाखला घेण्याकडे कल आहे. आयजीबीसी, लीड, ग्रिहा अशा पद्धतींत इमारतीला गुण मिळतात आणि त्यावरून सिल्व्हर, गोल्ड, प्लॅटिनम किंवा तारे ठरतात. मालकाचा फायदा उघड आहे: वीजबिल कमी येते, मोठ्या कंपन्या भाडेकरू म्हणून मिळतात, शिवाय राज्याच्या २०२० च्या एकत्रित बांधकाम नियमावलीत अशा इमारतींना ३ ते ७ टक्के जादा चटईक्षेत्र आहे. म्हणजे ही सवलत सरकार देते. मग आत राबणाऱ्याला काय मिळते, हे विचारायचा आपल्याला हक्क आहे.

मिळू शकते बरेच. छतावर ऊन परतवणारा पांढरा रंग, पत्र्याखाली उष्णता अडवणारा थर, वाऱ्यावर फिरणारी छतावरची पंखे, उजेडासाठी पारदर्शक पत्रे, डिझेलऐवजी बॅटरीवरचे फोर्कलिफ्ट. याचा थेट संबंध शरीराशी आहे. तापलेला पत्रा वरून आग ओकत असतो, तेव्हा साधा पंखा गरम हवाच फिरवतो. घाम वाहतो, त्याबरोबर पाणी आणि मीठ जाते. पायात गोळे येतात, डोके दुखते, मळमळते. अंगाचे तापमान ४० अंशांवर गेले आणि माणूस बरळू लागला, तर तो उष्माघात समजा. त्याला सावलीत न्या, अंगावर पाणी ओता, वारा घाला, १०८ ला फोन करा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका.

पण दाखला म्हणजे गारवा, असे समजू नये. लीडमध्ये किमान हवा खेळती ठेवणे आणि आत धूम्रपानाला बंदी सक्तीची आहे. छत थंड ठेवण्याचे गुण मात्र ऐच्छिक. सौर पॅनेल, पाणीबचत यांवर गुण मिळवूनही आत उकाडा राहू शकतो. शिवाय कित्येकदा दाखला फक्त सांगाड्याला असतो. आतली व्यवस्था भाडेकरू कंपनीची. ग्रीन इमारतीत डोके जास्त चालते, असे हार्वर्डच्या संशोधकांनी दाखवले, पण तो प्रयोग २४ जणांवर, ऑफिसात झाला होता. गोणी उचलणाऱ्यावर नाही.

म्हणून मुकादमाला किंवा एचआरला सरळ विचारा: दाखला कोणत्या गोष्टींसाठी मिळाला? आत थर्मामीटर लावला आहे का? दुपारची सुट्टी किती? थंड पाणी कुठे आहे? आणि बायकांसाठी संडास किती लांब? तो लांब किंवा घाणेरडा असला की आपल्या भगिनी दिवसभर पाणीच पीत नाहीत. त्यातून लघवीची जळजळ, जंतुसंसर्ग होतो, उन्हाचा त्रासही वाढतो. हा प्रश्न लाजेचा नाही, बिनधास्त विचारा.

तुमच्या गोदामात काय उत्तर मिळाले ते आम्हाला कळवा. नाव छापणार नाही.